बिल इव्हान्स ट्रायो, व्हिलेज व्हॅनगार्ड, २५ जून १९६१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातून एकदा पाच-सात जण एकत्र बसून एखादं रेकॉर्डिंग सलग ऐकतो, मध्ये गप्पा नाहीत, चहा नंतर. आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळा लावलेलं रेकॉर्डिंग हे, आणि दरवेळी नवीन आलेला माणूस साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं नीट लिहून काढलं.

हा एक अल्बम आहे की दोन? नावं ऐकून गोंधळ होतो

दिवस एक, अल्बम दोन. रविवार, २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये जॅझ पियानिस्ट बिल इव्हान्सच्या ट्रायोने, म्हणजे तिघांच्या बँडने, दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन असे पाच सेट वाजवले आणि ते सगळे टेपवर घेतले गेले. त्यातून आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' निघाला, त्याच वर्षी, आणि मग १९६२ मध्ये 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. दोन्हींवर सहा-सहा ट्रॅक. कंपनी रिव्हरसाइड, प्रोड्यूसर ऑरिन कीपन्यूज, रेकॉर्डिंग इंजिनिअर डेव्ह जोन्स. त्यामुळे कुणी म्हणालं की संडे मस्त आहे आणि दुसरा म्हणाला नाही, डेबीच मस्त, तर दोघंही एकाच दिवसाबद्दल बोलतायत.

वाजवणारे तिघं कोण?

पियानोवर बिल इव्हान्स, तेव्हा ३१ वर्षांचा. १९५८ मध्ये काही महिने ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता आणि १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' वर बहुतेक सगळा पियानो त्याचाच आहे, म्हणजे ज्यांनी आयुष्यात एकच जॅझ अल्बम ऐकलाय त्यांनीही बहुतेक इव्हान्स ऐकलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं.

ड्रम्सवर पॉल मोशन, ३० वर्षांचा.

आणि डबल बेसवर, म्हणजे व्हायोलिनच्या आकाराच्या पण माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या वाद्यावर, स्कॉट लाफारो, वय २५. आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, बेस हातात घेतला अठराव्या वर्षी, म्हणजे या रविवारी त्याला बेस वाजवायला लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. हे वाचून मी परत पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं, सात वर्षांत माणूस इथपर्यंत येतो यावर विश्वास बसत नाही.

व्हिलेज व्हॅनगार्ड म्हणजे मोठं थिएटर वगैरे आहे का?

अजिबात नाही, तळघर आहे. मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर एक अरुंद दार, तिथून पायऱ्या उतरून खाली गेलं की त्रिकोणी आकाराची एक खोली, साधारण सव्वाशे माणसं मावतील एवढीच. मॅक्स गॉर्डनने १९३०च्या दशकात सुरू केलेला क्लब, तो आजही त्याच जागी चालू आहे. सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सने इथे १९५७ मध्ये लाइव्ह रेकॉर्डिंग केलं होतं, आणि इव्हान्सनंतर चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याने, जॉन कोल्ट्रेनने, केलं. बोलक्या, धुराने भरलेल्या तळघरात आवाज इतका चांगला का येतो याचं श्रेय बरेच लोक त्या त्रिकोणी आकाराला देतात. मी इंजिनिअर नाही, पण रेकॉर्डिंग ऐकताना खोली किती छोटी आहे हे कानाला कळतं एवढं नक्की.

लाइव्हच का? स्टुडिओ होते की तेव्हा

होते, आणि याच तिघांनी स्टुडिओत दोन अल्बम केलेही होते, डिसेंबर १९५९ मध्ये 'पोर्ट्रेट इन जॅझ' आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये 'एक्सप्लोरेशन्स'. पण इव्हान्स स्टुडिओत जायला फारसा उत्सुक नसायचा, स्वतःच्या वाजवण्यावर पटकन समाधानी व्हायचा नाही, त्यामुळे कीपन्यूजला त्याच्याकडून अल्बम काढून घेणं हे एक कामच होतं. क्लबमध्ये मुक्काम चालू आहे, हात गरम आहेत, तिघांचं जमलंय, मग मशीनच तिकडे घेऊन जा. टेबलावर मावेल असं पोर्टेबल टेप मशीन, दोन ट्रॅक. दोन ट्रॅक म्हणजे आवाजांचा तोल तिथल्या तिथे ठरवायचा, नंतर पियानो थोडा कमी कर, बेस वाढव असलं काही करता येत नाही. डेव्ह जोन्सने त्या दिवशी बेस इतका स्वच्छ पकडला नसता तर आपण आज यावर बोलत नसतो, एवढं मी ठामपणे म्हणेन.

मागे ग्लासं वाजतात, लोक हसतात, बोलतात. माझी कॉपी खराब आहे का?

कॉपी बरोबर आहे, ती खोलीच तशी होती. रविवार दुपार, लोक दारू प्यायला आणि गप्पा मारायला आलेले, टाळ्याही बऱ्याचदा अगदीच तुरळक पडतात. 'माय फूलिश हार्ट' चालू असताना, म्हणजे जिथे श्वास रोखून ऐकावं अशी जागा आहे तिथे, कुणीतरी आपलं आरामात बोलतंय हे ऐकू येतं.

आपल्याकडच्या मैफलीच्या रेकॉर्डिंगची सवय असली की हे फार खटकतं, कारण आपल्याकडे श्रोते मध्ये बोलतात ते दाद द्यायला, समेवर 'वा' येतो आणि गाणाऱ्याला पुढची जागा सुचते. इथे तसं काहीच नाही. या तिघांना खोलीकडून काहीच मिळत नाहीये, त्यामुळे ते एकमेकांकडूनच घेतात. लाफारोने एक वाक्य वाजवलं की त्याची दाद इव्हान्सच्या पुढच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांच्या गुच्छात, असते. हे एकदा लक्षात आलं की ग्लासांचा आवाज खटकायचा थांबतो, उलट पंचवीसेक वेळा ऐकल्यावर तो आवाज नसेल तर चुकल्यासारखं वाटेल.

यात एवढं वेगळं काय आहे? मला तर शांत पियानो वाटतो, हॉटेलात लावतात तसा

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं एका ओळीतलं उत्तर म्हणजे पियानो सोडा, बेस ऐका.

आता जरा सविस्तर. तबल्याचा सोलो असतो तेव्हा हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो ना, तीच एक ओळ आवर्तनामागून आवर्तन, म्हणजे तबलजी कुठेही फिरून आला तरी घर कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. या आधीच्या बहुतेक जॅझ ट्रायोमध्ये बेसचं काम साधारण त्या जातीचं होतं, प्रत्येक मात्रेला एक सूर, चालत राहायचं, तालही तोच सांभाळणार आणि कॉर्डचा पायाही तोच सांगणार, वर पियानोवाला फिरतोय. ड्रमरही ठेका धरून. एक राजा आणि दोन सेवक अशी रचना.

इव्हान्सला हे नको होतं. कॉर्डची गाडी सगळ्यांना माहीत आहे, ताल सगळ्यांच्या पोटात आहे, मग तो सतत कुणीतरी बडवून कशाला दाखवायचा? तिघांनीही एकाच वेळी बोलावं, एकाचं ऐकत दुसऱ्याने मध्ये भर घालावी, असं त्याच्या डोक्यात होतं आणि त्यासाठी लाफारोसारखा माणूस मिळावा लागतो. लाफारो लेहरा धरायला नकार देतो. मध्येच तो गप्प बसतो, मध्येच पियानोच्या वाक्याला उलटं उत्तर देतो, मध्येच वरच्या सुरांत जाऊन असं काही गातो की क्षणभर गिटार आहे का वाटतं, आणि परत खाली येतो तेव्हा बरोबर जागेवर असतो.

आणि हे शक्य होतं कारण इव्हान्सचा डावा हात. कॉर्डचा मूळ सूर तो बऱ्याचदा वाजवतच नाही, वरचेच तीन-चार सूर ठेवतो, मूळ सूर बेसवाल्यासाठी मोकळा सोडलेला. पण गंमत म्हणजे लाफारोही तो वाजवेलच असं नाही! म्हणजे तंबोऱ्यातला सा दोघांनीही वाजवला नाही आणि तरी तुमच्या कानाला सा कुठे आहे ते कळतंय, असा प्रकार. म्हणून ते संगीत तरंगतं. हॉटेलात लावलेला शांत पियानो तरंगत नाही, तो सोफ्यावर बसलेला असतो.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर, छोट्या टेपरेकॉर्डरवर, आणि मला फक्त पियानो ऐकू आला आणि आवडलाही. बेस ऐकू आला तो तीन वर्षांनी, कारण तेव्हा पहिल्यांदा बरे स्पीकर मिळाले. म्हणून कळकळीने सांगते, मोबाइलच्या स्पीकरवर हे लावू नका, निम्मी माणसं गायब होतात.

ड्रम्स तर ऐकूच येत नाहीत मला

मोशन बराच वेळ ब्रशने वाजवतो, म्हणजे तारांच्या कुंच्याने, ड्रमवर घासत. 'माय फूलिश हार्ट' मध्ये फक्त त्याच्याकडे लक्ष देऊन पाच मिनिटं ऐका. झांजेवर एक हलका स्पर्श, मग घासण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. ताल मोजून देत नाही तो, तालाला रंग देतो. हाच मोशन पुढे पन्नास वर्षं वाजवत राहिला, म्हातारपणी तर व्हॅनगार्डमध्येच वारंवार असायचा, २०११ मध्ये गेला.

चाल सुरुवातीला दोन मिनिटं आणि शेवटी, मधलं सगळं काय असतं? आयत्या वेळचं?

हो, मधलं सगळं आयत्या वेळचं, पण हवेतलं नाही. गाण्याची चाल बऱ्याचदा ३२ बारची असते (बार म्हणजे तीन-चार मात्रांचा एक गट), तिच्याखाली कॉर्डची एक ठरलेली रांग असते. चाल वाजवून झाली की तीच रांग परत परत फिरते, आवर्तनासारखी, आणि तिच्यावर नवीन सुरावट बांधत जायची. आपल्याकडे बंदिश मांडून मग विस्तार करतात, तेवढं साम्य पुरे, फार ताणू नका, कारण इथे राग नाही, प्रत्येक कॉर्डला स्वरांचं घर बदलतं.

गाणी बहुतेक ब्रॉडवेची आणि सिनेमाची, त्या काळी अमेरिकेत सगळ्यांना तोंडपाठ असलेली. 'माय रोमान्स' रॉजर्स आणि हार्टचं, 'ऑल ऑफ यू' कोल पोर्टरचं, 'माय मॅन्स गॉन नाऊ' गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' मधलं, 'सम अदर टाइम' बर्नस्टाइनचं, आणि 'ॲलिस इन वंडरलँड' चक्क डिस्नेच्या कार्टून सिनेमाचं. 'माइलस्टोन्स' माइल्स डेव्हिसचं. लाफारोच्या स्वतःच्या दोन रचना आहेत, 'ग्लोरियाज स्टेप' आणि 'जेड व्हिजन्स'. त्यातली ग्लोरियाज स्टेप मोजून बघा, ३२ चा हिशोबच नाही, पाच बार, परत पाच, मग दहा. ऐकताना कुठे अडखळल्यासारखं वाटतही नाही आणि मोजायला गेलं की बोटं चुकतात.

डेबी कोण?

इव्हान्सची पुतणी, त्याच्या मोठ्या भावाची, हॅरीची मुलगी. ही चाल त्याने आधीच, १९५६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमवर एकट्याने वाजवली होती, दीड मिनिटाचीसुद्धा नाही. व्हॅनगार्डमध्ये ती पूर्ण उमलते. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा ठेका, लहान मुलीने परकर धरून गिरकी घ्यावी तशी चाल, आणि चाल संपून इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे ते आयत्या वेळचं वाजवणं, सुरू होतं तिथे हे लोक तीनवरून चारवर जातात. ते वळण नेमकं कुठे येतं ते शोधा, मुलांना शोधायला सांगा, आमच्याकडे एका दहा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या आधी पकडलं होतं.

स्कॉट लाफारोचं काय झालं?

६ जुलै १९६१, या रेकॉर्डिंगनंतर अकरा दिवसांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या गावाजवळ, जिनिव्हाजवळ, रूट २० वर गाडी झाडावर आदळली. तो जागीच गेला. थोडेच दिवस आधी न्यूपोर्टच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबर वाजवून आला होता.

त्याचा बेस साधासुधा नव्हता, १८२५ च्या सुमाराचा, न्यू हॅम्पशायरच्या अब्राहम प्रेस्कॉटने बनवलेला. अपघातात त्याची वाईट मोडतोड झाली, पुढे बऱ्याच वर्षांनी कारागिरांनी तो परत उभा केला आणि तो वाजवलाही गेला.

इव्हान्स पार कोसळला. कित्येक महिने त्याने लोकांसमोर जवळपास काही वाजवलं नाही. हेरॉइनचं व्यसन आधीपासून होतंच. नंतर चक इस्राएल्स नावाच्या बेसवाल्याबरोबर परत ट्रायो उभा राहिला आणि १९६२ मध्ये परत रेकॉर्डिंग सुरू झालं.

म्हणजे पहिला अल्बम लाफारोसाठी काढला?

सरळ तसंच. कव्हरवर त्याचं नाव वेगळं छापलंय. टेपवर तेरा वेगवेगळी गाणी होती, बऱ्याच गाण्यांचे दोन-तीन टेक, म्हणजे तेच गाणं त्या दिवशी दोन-तीनदा वाजवलेलं, आणि इव्हान्स आणि कीपन्यूजने त्यातून असे सहा निवडले ज्यात लाफारो सगळ्यात जास्त समोर आहे. सुरुवात त्याच्या ग्लोरियाज स्टेपने, शेवट त्याच्या जेड व्हिजन्सने. माणूस जाऊन काही आठवडे झालेत आणि तुम्ही बसून त्याचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून निवड करताय, ते कसं केलं असेल त्यांनी देव जाणे. राहिलेल्यातून 'वॉल्ट्झ फॉर डेबी' झाला, म्हणून तो थोडा जास्त हळवा, जास्त पियानोचा आहे, आणि नवीन माणसाला तोच आधी आवडतो.

पण एक सांगायला हवं. हे सगळं माहीत झाल्यावर लोक दोन्ही अल्बम शोकगीतासारखे ऐकायला लागतात, आणि ते मला पटत नाही. त्या रविवारी कुणीही मरणार नव्हतं. तिघं तरुण माणसं आपण काय करून बसलोय याच्या मजेत होती. 'सोलर' किंवा 'माइलस्टोन्स' मधला लाफारो ऐका, नुसता धावतोय, त्यात दुःखाचा एक थेंब नाही. अपघात आपण नंतर त्यात ओततो.

जॅझ कधीच ऐकलं नाही. सुरुवात कुठून करू?

'वॉल्ट्झ फॉर डेबी' चा पहिला ट्रॅक, 'माय फूलिश हार्ट'. इतका हळू आहे की तिघं काय करतायत ते वेगवेगळं दिसतं. लगेच त्याच्या पुढचं शीर्षकाचं गाणं. मग थांबा, दुसऱ्या दिवशी तेच दोन परत ऐका, आणि यावेळी फक्त बेस. मग 'सम अदर टाइम', त्यातले डाव्या हाताचे झुलणारे दोन कॉर्ड म्हणजे इव्हान्सनेच १९५८ मध्ये 'पीस पीस' नावाच्या एकल तुकड्यात वापरलेले, नंतर ओळखीचे वाटतील. आणि मग संडेवरचं 'ग्लोरियाज स्टेप'. 'ऑल ऑफ यू' शेवटी ठेवा, त्यात मूळ चाल इतकी बाजूला सारलीय की गाणं माहीत नसेल तर काहीच धरायला सापडत नाही.

ऐकता ऐकता झोप लागली. माझं काही चुकतंय का?

नाही हो. आवाज वाढवा. हे हळू आवाजात लावायचं संगीत आहे असा समज आहे तो चुकीचा आहे, ते हळू वाजवलेलं आहे, हळू ऐकायचं नाहीये.

तीन सीडींचा पूर्ण सेट घ्यावा का?

दोन अल्बम पाठ झाले असतील तर नक्की घ्या, आधी नको. २००५ मध्ये पाचही सेट वाजवले त्या क्रमाने काढले. त्यात दिवसाचं पहिलंच गाणं, ग्लोरियाज स्टेपचा पहिला टेक, मध्येच तुटतो कारण वीज गेली! आवाज खाली जातो आणि परत येतो, वाजवणारे थांबलेले नाहीत. त्यामुळे तो टेक तेव्हा वापरता आला नाही. मला स्वतःला तो फार आवडतो, कारण त्या काही सेकंदांत खोली अस्तित्वात आहे आणि आपण तिच्या बाहेर उभे आहोत असं वाटतं. शिवाय एकाच गाण्याचे दोन-तीन टेक शेजारी ठेवून ऐकता येतात. दुपारचं ऑल ऑफ यू आणि रात्रीचं ऑल ऑफ यू यांत लाफारोचं एक वाक्यही सारखं नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या राष्ट्रीय यादीत हा दिवस घेतलाय.

इव्हान्स परत तिथे वाजवला का?

कितीतरी वेळा. जवळजवळ घरच होतं ते. जून १९८० मध्ये तिथे मार्क जॉन्सन आणि जो लाबार्बेराबरोबरच्या ट्रायोचं बरेच दिवस रेकॉर्डिंग झालं, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला इव्हान्स गेला, ५१ वर्षांचा. तो शेवटचा ट्रायोही जबरदस्त आहे, वेगवान, घाईत असल्यासारखा.

त्या रविवारी शेवटचं काय वाजलं?

'जेड व्हिजन्स', लाफारोचं, नऊ मात्रांचं, आणि लागोपाठ दोनदा. खरं तर त्यात सोलो असा नाहीच. बेसवर दोन-दोन सूर एकत्र छेडत तो तीच छोटी आकृती फिरवत राहतो आणि यावेळी पियानो त्याच्या मागे मागे जातो. अख्खा दिवस लेहरा धरायला नकार दिलेला माणूस शेवटी स्वतःहून लेहरा धरतो, स्वतःच्याच चालीवर. पाच सेट झालेत, रात्र झालीय, आणि टेपवर अजूनही कुणाच्या तरी ग्लासाचा आवाज येतोय.